पुजाऱ्याचे बलुते: काल्पनिक खेळातील गावात धर्मसेवकांचा हिशेब कसा मांडावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक जगातील भूमिका घेऊन खेळायचा खेळ 1974 साली आला, आणि देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी, म्हणजे क्लेरिक, त्यात तेव्हापासूनच आहे. आमच्या गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन आम्ही हा खेळ मांडतो, आणि गेली काही वर्षे तो चालवण्याचे, म्हणजे गाव रचून खेळणाऱ्यांपुढे प्रसंग मांडण्याचे, काम माझ्याकडे आहे. नव्याने खेळ चालवायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गाव रचताना बहुतेक जण एक देऊळ काढतात, त्यात एक पुजारी बसवतात आणि जखमा बऱ्या करण्यापलीकडे त्याला काही काम देत नाहीत. तो काय खातो, ते कोणाच्या खळ्यावरून येते आणि त्याच्या जादूने गावाच्या उत्पन्नात काय फरक पडतो, हे कोणी मांडत नाही. मीही मांडले नव्हते. माझ्या पहिल्या गावातील पुजारी रोज सगळ्यांना जादूने जेवू घालत असे, आणि तिसऱ्या बैठकीत घरी पंधरा एकर कोरडवाहू असलेल्या एका मुलाने विचारले, “मग हे लोक पेरतात कशाला?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाती लागलेले आहे. नियम 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत.

पहिली पायरी: देवाच्या आधी धान्य मोजा

गावाला नाव देण्याआधी एका कोऱ्या कागदावर माणसे, जमीन आणि धान्य लिहावे. माझे नेहमीचे गाव पाचशे माणसांचे आणि हजार एकरांचे असते. त्यातील सहाशे एकरांवर ज्वारी आणि तूर, उरलेल्या चारशेवर पऱ्हाटी (कापूस), जवस आणि पडीत. एकरी तीन क्विंटल धान्य धरले तर अठराशे क्विंटल होते. हा आकडा खेळासाठी धरलेला आहे. आपल्या गावची जमीन भारी असेल तर वाढवावा, मुरमाड असेल तर कमी करावा. एका माणसाला रोज साधारण साडेपाचशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला दोन क्विंटल धान्य लागते असे मानले की गावाच्या पोटासाठी हजार क्विंटल गेले. पंचवीस क्विंटल बियाणे आणि दहावा हिस्सा उंदीर, किडे व ओल यांचा काढला की जवळपास सहाशे क्विंटल उरतात. त्यातले निम्मे राजाच्या कोठारात जातात असे समजू. उरलेल्या तीनशे क्विंटलांवर, म्हणजे पोटापलीकडच्या उत्पन्नावर, गावातील शेती न करणाऱ्या सर्व घरांचे कपडेलत्ते, लोखंड, मीठ आणि हत्यारे यांचा संसार चालायचा आहे. अशा एका घराला वीस क्विंटल द्यायचे ठरवले तर पंधरा घरे होतात. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुराखी ही सगळी त्यातच आली. आता या पंधरांत पुजाऱ्याची घरे किती, हे तुम्ही सांगायचे आहे. चार पुजारी ठेवले तर कोणता कारागीर कमी झाला तेही त्याच कागदावर लिहावे लागते.

हे सगळे आपल्याला परके नाही. बलुत्याची पद्धत हीच होती: वर्षभर काम करायचे आणि रास झाली की खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. गुरव आणि जोशी हेही त्याच रांगेत होते. त्यामुळे गावातील पुजाऱ्याला सोन्याच्या नाण्यांत पगार देण्याऐवजी त्याचे बलुते किती पायल्या, कोणत्या खळ्यावर आणि कोणाच्या हातून, हे ठरवावे. ज्याच्या खळ्यावर वाटा मिळाला नाही त्याच्या घरी पुजारी गेला नाही, एवढी एक गोष्टसुद्धा दोन बैठकांना पुरते.

दुसरी पायरी: प्रत्येक पुजारी जादूगार नसतो

नियमपुस्तकातच म्हटले आहे की देवळात सेवा करणारा प्रत्येक जण क्लेरिक नसतो. नवशिके हे वाक्य वाचून पुढे जातात, पण गावाची रचना त्यावरच उभी आहे. आपल्याकडे पाहिले तर धर्माचे काम एकट्या माणसाकडे कधीच नव्हते. देवाची पूजाअर्चा गुरवाकडे, पंचांग आणि मुहूर्त जोश्याकडे, मेळघाटात कोरकूंच्या गावात देवकार्य आणि झाडपाल्याचे औषध भुमकाकडे, घरचे कुलदैवताचे कार्य गोंधळ्याकडे, पहाटेचे दान मागणे वासुदेवाकडे. यातले काही गावात राहून बलुते घेतात, काही फिरून दान घेतात आणि काही स्वतः शेती करून उरलेल्या वेळात देवाचे काम करतात. खेळाच्या गावात हेच तीन प्रकार करावेत: बसलेला, फिरता आणि अर्धवेळ. गावाच्या उत्पन्नावर सर्वांत कमी भार अर्धवेळ पुजाऱ्याचा असतो, म्हणून लहान गावात मी नेहमी तोच ठेवतो.

एक विनंती येथेच करतो. कोरकू, गोंड किंवा माडिया लोकांची खरी दैवते आणि भुमकासारखी खरी पदे जशीच्या तशी उचलून त्यांना खेळातील शक्ती जोडू नयेत. ती आपल्या शेजाऱ्यांची जिवंत श्रद्धा आहे. त्यातून कामाची वाटणी शिकावी आणि नावे आपली नवी ठेवावीत.

जादू नसलेला धर्मसेवकही उत्पन्न वाढवतो, आणि त्यासाठी विदर्भाला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. खेळाच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्याकडे एकही स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, नव्हता, तरी गावाची घाण कमी होणे म्हणजे आजारपणात जाणारे कामाचे दिवस कमी होणे होय. माझ्या खेळात असा फिरता कीर्तनकार गावात येऊन गेला की पुढच्या पावसाळ्यातील तापाच्या फाशाला मी दोन गुण वजा देतो. हा नियम पुस्तकात नाही, पण तो ठेवल्यापासून खेळणारे कीर्तनकाराची वाट पाहू लागले आहेत.

तिसरी पायरी: जादूचा दिवसाचा हिशेब

येथे थोडे गणित करावे लागते आणि ते टाळू नये. लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाचा दर्जा, पातळी म्हणजे स्पेलची ताकद आणि स्लॉट म्हणजे एक स्पेल टाकण्याची संधी. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे दिवसाला पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. रात्रीच्या विश्रांतीनंतर ते पुन्हा भरतात. ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ हा तिसऱ्या पातळीचा स्पेल पंधरा माणसांना एक दिवस पुरेल एवढे अन्नपाणी देतो. म्हणजे दोन स्लॉट खर्चून तीस माणसे जेवतात. पाचशेंच्या गावात तीस. दुष्काळात तीस माणसे वाचवणे लहान गोष्ट नाही, पण त्याने शेती बंद पडत नाही, आणि माझ्या पहिल्या गावातील चूक हीच होती की मी हा आकडा कधी मांडलाच नाही. त्याच लेव्हलच्या ड्रुइडने, म्हणजे निसर्गाच्या शक्तीने जादू करणाऱ्याने, मात्र नऊच्या नऊ स्लॉट ‘गुडबेरी’वर घातले तर दर स्लॉटला दहा याप्रमाणे नव्वद बोरे होतात आणि एक बोर एका माणसाला एक दिवस पुरते. नव्वद माणसे म्हणजे जवळपास गावाचा पाचवा हिस्सा. अशा ड्रुइडने गावात कायम राहायचे ठरवले तर त्याला रोज दुसरे काहीच करता येणार नाही, हे खेळणाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

पाण्याचे गणित याहून कठोर आहे. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ एका वेळी दहा गॅलन, म्हणजे साधारण अडतीस लिटर पाणी देतो. एका एकरावर एक सेंटिमीटर पाणी उभे करायला चाळीस हजार लिटर लागतात. एवढ्यासाठी हजाराहून जास्त वेळा तो स्पेल टाकावा लागेल. देवाच्या कृपेने पीक जगवता येत नाही, फक्त घागरी भरता येतात. तेव्हा गावाला तलाव, विहिरी आणि बांध लागतातच. भंडारा आणि गोंदियाकडचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना खेळातील गावाचे पाणी कुठून यावे हे वेगळे सांगायला नको.

मग येतो ‘प्लांट ग्रोथ’, आणि येथे थांबून विचार करावा लागतो, कारण गावाचे अर्थकारण मुळापासून बदलणारा हा एकच स्पेल आहे. ड्रुइड हा स्पेल आठ तास घालून करतो तेव्हा अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतील झाडे वर्षभरासाठी सुपीक होतात आणि कापणीला दुप्पट अन्न देतात. अर्ध्या मैलाच्या त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे पाचशे एकर. ती सगळी ज्वारी-तुरीची असेल तर आपल्या हिशेबाने पंधराशे क्विंटल जास्तीचे धान्य होते, आणि ते साडेसातशे माणसांना वर्षभर पुरते. एका दिवसाच्या कामातून. वर्षभर रोज बोरे वाटणारा ड्रुइड नव्वद माणसे जगवतो. एक दिवस शेतात बसणारा त्याच्या आठपट.

पण नियमातील शब्द नीट वाचावेत. तेथे ‘अन्न’ म्हटले आहे. कापूस अन्न नव्हे. आमच्या टेबलावर यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. सरकी ढोरे खातात म्हणून सरकी दुप्पट व्हावी असे एकाचे म्हणणे होते. शेवटी मी निर्णय दिला की पऱ्हाटी जशी आहे तशीच राहील. त्याचा परिणाम असा झाला की दोन हंगामांत वर्तुळातील सगळ्यांनी पऱ्हाटी सोडून ज्वारी पेरली, ज्वारीचा भाव पडला, आणि कापूस फक्त वर्तुळाबाहेरच्या गरीब शेतांत उरल्यामुळे त्याचा भाव चढला. हे मी रचले नव्हते. आकडे मांडल्यावर ते आपोआप झाले, आणि मला या खेळाचे खरे सुख त्यातच वाटते.

आणखी दोन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. पीक दुप्पट झाले तरी सोंगणीचे हात दुप्पट होत नाहीत. मळणीला बैल तेवढेच, पेवे तेवढीच. त्या वर्षी मजुरी वाढते, शेजारच्या गावची माणसे कामाला येतात, आणि पेवात न मावलेले धान्य उघड्यावर राहते. दुसरी अडचण वर्तुळाची. गावाची शीव कधी गोल नसते. वर्तुळाचा मध्य देवळात धरला तर त्यात गावठाण आणि आखर वाया जातात; पाटलाच्या मळ्यात धरला तर नाल्यापलीकडची शेते बाहेर पडतात. मध्य कुठे धरायचा हे ठरवणारी गावसभा हा नवख्या खेळ चालवणाऱ्यासाठी मी सुचवीन असा पहिला प्रसंग आहे.

असा ड्रुइड रोज नवे वर्तुळ आखू शकतो, म्हणून तो दुर्मीळच ठेवावा लागतो. माझ्या जगात तो शंभर गावांत एक असतो आणि वासुदेवासारखा फिरता असतो. कोणत्या गावाला तो किती वर्षांनी येतो, यावर लग्नाच्या सोयरिकीसुद्धा ठरतात.

चौथी पायरी: स्लॉटची किंमत हंगाम ठरवतो

आकडे मांडणारेही येथे चुकतात. ते वर्षाच्या सगळ्या दिवसांना सारखे धरतात, पण कोरडवाहू गावात सगळे दिवस सारखे नसतात. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की आठ-दहा दिवसांत पेरणी उरकावी लागते. त्या दिवसांत एक माणूस अंथरुणावर पडला तर काय होते ते पाहा.

आमच्या खेळातील प्रसंग सांगतो. पेरणीचा तिसरा दिवस. देवळाच्या अंगणात तापाचे पाच जण घोंगड्या पांघरून बसले आहेत आणि पुजारी तिसऱ्या लेव्हलचा आहे, म्हणजे रोग काढणाऱ्या ‘लेसर रिस्टोरेशन’साठी त्याच्याकडे दिवसाला दोनच स्लॉट आहेत. पाचांत एक पाटलाचा धाकटा मुलगा, एक म्हातारा सुतार, एक तिफन, म्हणजे पेरणीचे औत, हाकणारा सालदार, एक चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई आणि एक गुराखी पोरगा. तिफन दिवसाला चार एकर पेरते असे आम्ही धरले होते. हाकणारा आहे पण चाड्यावर मूठ धरणारी नाही, तर तिफन उभी. ती आहे आणि हाकणारा नाही, तरी तिफन उभीच. पाच दिवस तिफन उभी राहिली तर वीस एकर उशिरा पेरले जातात, आणि उशिराने तिसरा हिस्सा पीक गेले तर वीस क्विंटलांचे नुकसान. दोघांना बरे करायला दोन स्लॉट लागतात. ‘गुडबेरी’चा एक स्लॉट दहा माणसांचे एक दिवसाचे, म्हणजे साडेपाच किलो धान्य वाचवतो. येथे एका स्लॉटमागे दहा क्विंटल वाचले. हाच ताप पौषात, पिके खळ्यावर आल्यावर आला असता तर गावाच्या राशीत काहीही फरक पडला नसता. माणसाचा ताप उतरवणे कोणत्याही महिन्यात मोलाचेच आहे. मी फक्त धान्याबद्दल बोलतो आहे.

तेव्हा खेळणाऱ्यांनी सालदार आणि बाई या दोघांना निवडले. पाटील बोलला नाही, पण त्या वर्षी पुजाऱ्याचे बलुते त्याच्या खळ्यावर दोन पायल्या कमी भरले.

‘मेंडिंग’बद्दल दोन वाक्ये. हा स्पेल क्लेरिकला स्लॉट न घालवता कितीही वेळा करता येतो आणि मिनिटभरात लहानसा तडा सांधतो. शिवळ मोडली, डवऱ्याच्या दांडीला चीर गेली, की लोक सुताराऐवजी देवळात जाऊ लागतात आणि सुताराचे बलुते बुडते. म्हणून माझ्या गावांत रूढी आहे की पुजारी लाकडाला हात लावत नाही. मडकी सांधतो, कारण फुटलेले मडके तसेही कुंभाराकडे परत जात नसे.

पाचवी पायरी: भाकीत

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी विदर्भात सर्वांना माहीत आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखून अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून पाऊस, पीक यांचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही असे अभ्यासक सांगत आले आहेत, तरी ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. खेळ रचणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की भाकीत ऐकून माणूस आपली पेरणी बदलतो, आणि गावाच्या उत्पन्नावर परिणाम त्या बदलाचा होतो.

खेळातील भाकिते खरी असतात, पण तोकडी असतात. ‘ऑगरी’ पुढच्या अर्ध्या तासापुरतेच सांगते, शेतीला निरुपयोगी. ‘डिव्हिनेशन’ सात दिवसांतील गोष्ट सांगते आणि त्यासाठी सातव्या लेव्हलचा क्लेरिक लागतो. सात दिवस कमी वाटतात, पण दुबार पेरणीचे दुःख ज्याने भोगले आहे तो ते कमी म्हणणार नाही. पहिला पाऊस पडला, पेरले, आणि पुढे पावसाने दडी मारली की बी जळते. या स्पेलला पंचवीस सोन्याच्या नाण्यांचा धूप व नैवेद्य लागतो. पुस्तकातील दराने एक पाउंड गहू एका तांब्याच्या नाण्याला मिळतो, तेव्हा पंचवीस सोन्याची नाणी म्हणजे अडीच हजार पाउंड, सुमारे अकरा क्विंटल गहू. आपल्या गावाचे बियाणे पंचवीस क्विंटल आहे. ते एकदा जळण्यापासून वाचले तर धूप परवडला. मात्र दर पावसाला विचारत बसले तर परवडत नाही, आणि एकाच दिवसात पुन्हा विचारले तर उत्तर चुकण्याची शक्यता दर वेळी वाढते. अकरा क्विंटलांची वर्गणी कोणी किती द्यायची, हे मात्र पावसाच्या आधी ठरवून ठेवावे.

सहावी पायरी: सण आणि सुट्या

देवाच्या नावाने किती दिवस काम बंद, हे लिहून काढावे. येथे फार बारकाईची गरज नाही. पोळ्याचा दिवस आठवावा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असे म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. तोवर डवरणी बहुतेक उरकलेली असते, म्हणून ही सुट्टी गावाला जड जात नाही. खेळातील देवाचा मोठा सण ऐन सोंगणीत टाकला तर गावकरी तो पाळतील का, आणि पुजारी त्यांना काय म्हणेल, हे आधी ठरवा. कधी कधी मी मुद्दाम तसा टाकतो.

संगणकावरील एज ऑफ एम्पायर्सच्या 1999 सालच्या दुसऱ्या भागातून येणाऱ्या खेळाडूंना हे सगळे जड वाटते. तेथे मठातून शंभर सोन्याला साधू मिळतो, त्याने आणलेला पवित्र अवशेष मिनिटाला तीस सोने देतो आणि तयार झालेला साधू पुढे काही मागत नाही. अशांना पहिल्या बैठकीत पुजाऱ्याची भूमिका देऊ नये. त्यांना सालदार करावे आणि पेरणीच्या तिसऱ्या दिवशी ताप आणावा.

पहिल्या बैठकीआधी

एका कागदावर पाच ओळी पुरतात: धान्य किती उरते, पुजारी कोण आणि कोणत्या प्रकारचा, त्याचे बलुते कोणत्या खळ्यांवर, दिवसाचे स्लॉट किती, आणि आज हंगामातील कोणता दिवस आहे. शेवटची ओळ पेन्सिलने लिहावी, कारण ती प्रत्येक बैठकीत खोडावी लागते. आमच्या ओसरीवरच्या कागदावर सध्या तेथे ‘वाफसा, दुसरा दिवस’ असे लिहिलेले आहे आणि अंगणात तापाचे दोन जण येऊन बसले आहेत.